नम्रता हे तारणाचे मोल नव्हे

इंदूरच्या मराठी वस्त्यांत ख्रिस्ती घर एखादेच. रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, कुठेही राहा, शेजारी बहुतेक सगळे गणपती-महालक्ष्म्यांचे. त्यांच्याकडे आमचे जाणे-येणे असतेच. चहा झाला, गप्पा रंगल्या की कुणीतरी काकू विचारतात, "तुमच्यात म्हणे पाप कबूल केलं की झालं? तेवढ्यानं मोक्ष?" लगेच दुसरे कुणी त्यांची समजूत घालते, "अहो, शेवटी सगळीकडे तेच. नम्र माणसाला देव पावतो."

पहिल्या बोलण्यात शंका आहे आणि दुसऱ्यात आपुलकी, पण ख्रिस्ती विश्वासाचा गाभा दोन्हींतून निसटतो. पहिल्यात तारण, म्हणजे पापातून सुटका, फार स्वस्त होते. दुसऱ्यात नम्रता ही देवाला द्यायची किंमत होते. म्हणजे पूर्वी लोक पैसा, बळी, उपास देत, आता नम्रता द्यायची. ख्रिस्ती शिकवण तिसरेच काही सांगते.

मुळात तारण कशापासून, हे आधी पाहू. बायबलमध्ये पाप म्हणजे केवळ खोटे बोललो, चोरी केली अशी यादी नाही. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात सर्प पहिल्या स्त्रीला फळाचे आमिष दाखवतो तेव्हा फळाच्या गोडीपेक्षा त्याचा भर वेगळ्याच गोष्टीवर असतो: हे खा म्हणजे तुम्ही देवासारखे व्हाल. आपणच आपले मालक, आपणच आपले न्यायाधीश, आपल्याला देवाची गरज नाही, ही वृत्ती हे मूळ दुखणे. वाईट कृत्ये त्यातून निघतात, आणि गंमत अशी की पुष्कळ चांगली कृत्येही त्यातूनच निघू शकतात. म्हणून चांगल्या कृत्यांचा ढीग रचून हे दुखणे जात नाही. ढीग जितका उंच, तितकी त्यावर उभे राहण्याची इच्छा जास्त.

येशूचा प्रेषित पौल याने इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हे सरळ मांडले आहे. त्याचा आशय असा: तुमचे तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे झाले आहे, ते तुमच्या हातून झालेले नाही, ते देवाचे दान आहे, कोणी बढाई मारू नये म्हणून ते कर्मांवर ठेवलेले नाही. बढाईला जागाच उरू नये, अशी या तारणाची रचनाच आहे.

मग यात नम्रतेचे काम काय? दवाखान्यात गेलेल्या माणसाचा विचार करा. छातीत दुखते आहे, पण तो डॉक्टरांना सांगतो, मला काही झालेले नाही, मी रोज पहाटे फिरायला जातो. अशाने उपचार सुरूच होणार नाहीत. त्याने खरे दुखणे सांगितले तर सुरू होतील. पण दुखणे सांगणे ही काही डॉक्टरांची फी नव्हे, आणि औषधही नव्हे. बरे करणारे औषध वेगळे आणि देणाराही वेगळा. नम्रतेची जागा तेवढीच, पण ती जागा दुसरे काही घेऊ शकत नाही. "वैद्याची गरज निरोग्यांना नसते, दुखणाइतांना असते," असे येशू म्हणाला तेव्हा तो जकातदारांच्या पंक्तीला जेवत होता आणि धर्मशील मंडळी दारात नाराज होऊन उभी होती.

जकातदार म्हटले की लूकच्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) अठराव्या अध्यायातला दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, आठवतेच. आपल्याकडे जकात नाका म्हणजे नुसती रांग आणि पावती असायची. पण येशूच्या काळात जकातदार म्हणजे रोमी सत्तेसाठी आपल्याच लोकांकडून वसुली करणारा आणि ठरल्यापेक्षा जास्त उकळणारा माणूस. तो मंदिरात येतो, लांब उभा राहतो, डोळेही वर उचलत नाही, ऊर बडवून म्हणतो, "हे देवा, मज पाप्यावर दया कर." त्याच वेळी एक परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस, प्रार्थना करत असतो. हा खरोखर सज्जन आहे, हे आधी मान्य करायला हवे. मोशेच्या नियमशास्त्राने वर्षातून एक, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा उपास सांगितला आहे. हा आठवड्यातून दोनदा करतो. सगळ्या उत्पन्नाचा दशांश देतो. तो लुटारू नाही, व्यभिचारी नाही. आणि तो देवाचे आभारही मानतो! "मी इतरांसारखा नाही, या जकातदारासारखाही नाही, म्हणून तुझे आभार."

येशू म्हणतो, नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार.

हे ऐकून पहिल्यांदा धक्का बसायला हवा. तो बसत नसेल तर आपण दाखला फार वेळा ऐकला आहे. परूशाच्या एकाही सत्कर्माला येशू वाईट म्हणत नाही. पण त्याच्या प्रार्थनेत मागणेच नाही. त्याला देवाकडून काही नको आहे. आपला हिशेब देवाने पाहावा आणि शेजारच्याच्या हिशेबाशी ताडून पाहावा, एवढेच हवे आहे. जकातदाराकडे दाखवायला काही नाही, म्हणून त्याच्या तोंडी मागणे आहे, आणि मागणाऱ्याला मिळाले.

या दाखल्यात एक सापळाही आहे, आणि चर्चमध्ये तो मला सारखा दिसतो. आपण हा दाखला ऐकतो, डोळे पुसतो आणि मनात म्हणतो, "देवा, मी त्या परूशासारखा नाही म्हणून तुझे आभार." झाले, परूशी पुन्हा उभा! नम्रता ही कमाई समजली की ती लगेच गर्वाच्या खात्यात जमा होते. म्हणूनच ती तारणाची किंमत होऊ शकत नाही.

हेच जुन्या करारात फार रंगवून सांगितले आहे, राजांच्या दुसऱ्या पुस्तकात. अरामी सेनापती नामान पराक्रमी, राजाचा लाडका, पण अंगावर कोड. त्याच्या बायकोच्या हाताखाली इस्राएलातून पकडून आणलेली एक लहान मुलगी होती. ती म्हणाली, आमच्याकडचा संदेष्टा यांना बरे करील. नामान निघाला तो दहा किक्कार रुपे, सहा हजार शेकेल सोने आणि दहा पोशाख घेऊन. रथ-घोडे घेऊन त्या संदेष्ट्याच्या, अलीशाच्या, दारात थांबला. अलीशा बाहेरसुद्धा आला नाही. निरोप पाठवला: यार्देन नदीत सात वेळा बुडी मार. सेनापती संतापला. आमच्या दिमिष्काच्या (दमास्कसच्या) अबाना आणि परपर नद्या काय वाईट आहेत? तो परत फिरला होता, इतक्यात नोकर म्हणाले, "संदेष्ट्याने काही मोठे अवघड काम सांगितले असते, तर आपण केले नसते का?"

किती अचूक ओळखले त्यांनी धन्याला! अवघड काम त्याला चालले असते, कारण त्यात त्याचे कर्तृत्व दिसले असते. सोपी गोष्ट मात्र झेपत नव्हती. शेवटी तो नदीत उतरला, सात वेळा बुडाला, बरा झाला. पुढचे कुणाला सहसा आठवत नाही: तो भेट घेऊन परत आला आणि अलीशाने एक कवडीही घेतली नाही. बुडी ही किंमत नव्हती, सोने-रुपे ही नव्हते. या गोष्टीत आणखीही एक आहे: त्या बलाढ्य माणसाच्या बरे होण्याची वाट एका बंदिवान पोरीच्या आणि नोकरांच्या बोलण्यातून गेली, आणि त्याला ते ऐकून घ्यावे लागले.

इथवर माणसाच्या नम्रतेबद्दल बोललो. पण ख्रिस्ती विश्वासात पहिली नम्रता माणसाची नाहीच. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल सांगतो, ख्रिस्त देवाच्या स्वरूपाचा असूनही त्याने देवासमान असणे धरून ठेवले नाही. त्याने स्वतःला रिक्त केले, दासाचे रूप घेतले, आणि मरणापर्यंत, तेही वधस्तंभावरच्या मरणापर्यंत, आज्ञाधारक राहिला. वधस्तंभ ही रोमी राज्यात गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची शिक्षा; रोमी नागरिकाला ती सहसा देत नसत. म्हणजे देव जितके खाली येता येईल तितके खाली आला. "लहानपण देगा देवा" हे मराठी माणसाच्या ओठांवर असते. तुकोबांच्या त्या मागण्यात भक्त देवाकडे लहानपण मागतो. ख्रिस्ती माणूस ते मागतोच, पण त्याची श्रद्धा अशी की ते लहानपण आधी देवाने स्वतः घेतले. नारायण वामन टिळक, ज्यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला, तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. मराठी मनाला हा पूल सहज दिसतो, मला त्याचा फार आनंद वाटतो.

हे सगळे एका कृतीत पाहायचे असेल तर ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी संध्याकाळी कॅथलिक चर्चमध्ये जावे. वेदीपुढे बाकावर बारा माणसे बसवलेली असतात. फादर वरचा झगा काढून ठेवतात, कमरेला टॉवेल बांधतात आणि जमिनीवर गुडघे टेकतात. स्टीलची परात, एक जग, साधे पाणी. एकेकाच्या पायावर पाणी पडते, टॉवेलने पाय पुसला जातो. एका वर्षी बाकाच्या टोकाला बसलेल्या म्हाताऱ्या बाबांनी भेगाळलेला पाय पटकन मागे ओढला. आयुष्यभर दुसऱ्यांपुढे वाकलेल्या माणसाला कुणी आपल्यापुढे वाकलेले सोसेना. फादरनी काही न बोलता टाच हातात धरली आणि बाबांचा पाय सैल होईपर्यंत तशीच धरून ठेवली. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलून या बाकावर स्त्रियांनाही जागा दिली. त्याआधी २०१३ मध्येच त्यांनी रोमच्या बालसुधारगृहात जाऊन तिथल्या मुलामुलींचे पाय धुतले होते.

मूळ प्रसंग योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात आहे. धुळीच्या रस्त्यावरून आलेल्याचे पाय धुणे हे घरातल्या खालच्या नोकराचे काम. येशू ते करू लागतो आणि त्याचा शिष्य पेत्र म्हणतो, "माझे पाय तुम्ही कधीही धुवायचे नाहीत." ऐकायला किती नम्र! येशूचे उत्तर कडक आहे: "मी तुला धुतले नाही, तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही."

ख्रिस्ती तारणात नम्रता कुठे बसते, ते मला या दोन वाक्यांत सर्वात स्पष्ट दिसते. पेत्राची नम्रता आपल्या ओळखीची आहे, कुणी आहेर दिला की आपण "छे छे, कशाला" म्हणतो तशी. पण तिच्या आत एक अट आहे: मी कुणाचे घेणार नाही. येशूला हवी ती नम्रता म्हणजे पाय पुढे करणे. घाण आहे हे माहीत असून तो दुसऱ्याच्या हातात देणे. सेवा करणे त्या मानाने सोपे. सेवा करताना आपण वरच्या बाजूला असतो.

चर्चच्या इतिहासात यावर मोठे वाद झाले, ते थोडक्यात सांगतो. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनहून रोमला आलेला पेलागियस म्हणत होता की माणूस मनावर घेईल तर स्वतःच्या बळावर देवाच्या आज्ञा पाळू शकतो. त्याचा हेतू चांगला होता, ढिलाई त्याला खपत नव्हती. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने त्याला विरोध केला: इच्छाच आजारी असेल तर इच्छेच्या जोरावर बरे कसे होणार? सत्याकडे जाण्याचा मार्ग कोणता, यावर याच ऑगस्टीनने एका पत्रात लिहिले होते: पहिला नम्रता, दुसरा नम्रता, तिसरा नम्रता. कार्थेजच्या परिषदेने ४१८ मध्ये पेलागियसची मते नाकारली. ५२९ मध्ये ऑरेंजच्या परिषदेने आणखी पुढे जाऊन सांगितले की विश्वासाची सुरुवातसुद्धा कृपेनेच होते. म्हणजे मी नम्र झालो, यातही पहिला हात देवाचा.

हजार वर्षांनी हाच काटा मार्टिन ल्यूथरला टोचला. तो मठातला साधू होता आणि पापांची कबुली देताना तासन्‌तास घेत असे. नम्र झाले की देव कृपा करतो, हे त्याने ऐकले होते. पण पुरेसा नम्र झालो हे ओळखायचे कसे? तळ लागेना. अखेर त्याला पौलाच्या पत्रांत दिसले की नजर स्वतःच्या नम्रतेवर ठेवायचीच नाही, ख्रिस्तावर ठेवायची. १५१७ पासून चर्च दुभंगले त्यामागे हा प्रश्न होता. १५४६ मध्ये तो वारला तेव्हा सापडलेल्या चिठ्ठीत शेवटचे शब्द होते: आपण भिकारी आहोत, हे खरे. कॅथलिक बाजूने ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये उत्तर दिले: सुरुवात कृपेचीच, मात्र कृपेने जागा झालेला माणूस तिला होकार देतो आणि तिच्याबरोबर चालतो. नम्रता ही त्या होकाराची तयारी. ल्यूथरपंथी आणि कॅथलिक, दोन्ही बाजूंनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीत ऑग्सबर्गला एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या: आपल्या कोणत्याही गुणामुळे नव्हे, केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो. २००६ मध्ये मेथडिस्ट हा दुसरा प्रोटेस्टंट पंथही त्यात सामील झाला. छटा आजही वेगळ्या आहेत, पण इंदूरात कॅनेडियन मिशनच्या परंपरेतला, आता चर्च ऑफ नॉर्थ इंडियात असलेला माणूस आणि कॅथलिक शेजारी या मुद्द्यावर एकमेकांना परके राहिलेले नाहीत.

आता एका गैरसमजाविषयी, कारण त्याने फार माणसे दुखावली आहेत. नम्रता म्हणजे मान खाली घालून अन्याय सोसणे नव्हे. सुनेला, मजुराला, दलिताला "ख्रिस्तासारखे नम्र व्हा" असे सांगणारा माणूस खुर्चीवर बसून ते सांगत असेल, तर तो शुभवर्तमान उलटे वाचतो आहे. येशूची आई मरीया स्वतःला प्रभूची दासी म्हणवते आणि त्याच स्तोत्रात गाते की देवाने अधिपतींना आसनांवरून खाली ओढले व दीनांना उंच केले. पंडिता रमाबाईंचे उदाहरण तर घरचे. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर तिथल्या धर्माधिकाऱ्यांनी त्यांना मुकाट ऐकायला सांगितले, तेव्हा त्यांनी स्पष्ट कळवले की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर त्या दुसरे तसलेच जोखड मानेवर घेणार नाहीत. आणि त्याच रमाबाईंनी पुढे लिहिले की त्या काळात त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. संस्कृतच्या पांडित्याबद्दल कलकत्त्यात 'सरस्वती' म्हणून गौरवलेली बाई हे लिहिते! माणसांपुढे न वाकणे आणि देवापुढे रिकाम्या हातांनी उभे राहणे, दोन्ही एकाच बाईत होते.

तारण मिळालेल्या माणसाची नम्रता कशी दिसते, याचे उदाहरण इंदूरपासून फार लांब नाही. सिस्टर रानी मारिया देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात आदिवासी शेतमजुरांना सावकारीतून सोडवण्याचे काम करत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये त्यांच्यावर चाकूने वार झाले आणि रस्त्याच्या कडेला त्यांचा जीव गेला. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. २००२ मध्ये त्यांची धाकटी बहीण, तीही सिस्टरच, इंदूरच्या तुरुंगात गेली आणि तिने त्याच्या मनगटावर राखी बांधली. कुटुंबाने त्याच्या सुटकेला संमती दिली, २००६ मध्ये तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरात रानी मारियांना 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले गेले, तेव्हा तो माणूस तिथे हजर होता.

लोक त्या बहिणीबद्दल बोलतात आणि ते योग्यच आहे. मी मात्र त्या मनगटाचाही विचार करतो. ज्या हाताने वार केले तोच हात पुढे करायचा होता. "मी याला लायक नाही" म्हणून तो मागे घेणे सोपे होते, आणि ते पेत्रासारखे नम्रही वाटले असते. त्याने हात पुढे केला. क्षमा त्याने कमावली नव्हती. त्याने ती घेतली.

यावर काकूंचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, आणि तो रास्त आहे: "मग चांगलं वागायचं कशाला?" त्याला मी लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातला जक्कय सांगतो. यरीहोच्या जकातदारांचा मुख्य, बुटका, श्रीमंत, गर्दीत दिसेना म्हणून उंबराच्या झाडावर चढलेला. येशू झाडाखाली थांबला आणि म्हणाला, लवकर खाली ये, आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे. लोक कुरकुरले. जक्कयने तोवर काहीही दिले नव्हते, काहीही फेडले नव्हते. तो खाली उतरला, आनंदाने त्याला घरी घेऊन गेला आणि मग उभा राहून म्हणाला, माझे अर्धे धन मी गरिबांना देतो, आणि कुणाचे काही लुबाडले असेल तर चौपट परत करतो. त्याला तसे करायला कुणी सांगितले नव्हते.